घोट्यापर्यंत पाणी

द्वारकाबाईची साक्ष ऐकली नाही असा ख्रिस्ती माणूस घनसावंगीपासून आष्टीपर्यंत शोधून सापडला नसता. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. मंडळीपुढं उभं राहायचं आणि प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. कुणी सांगतं दारू सुटली, कुणी सांगतं भूत गेलं, कुणी सांगतं गुडघा बरा झाला. बरे झालेले गुडघे गावोगाव पडलेत. द्वारकाबाईच्या साक्षीला तोड नव्हती, कारण तिच्या साक्षीत कालवा होता.

साक्ष अशी होती. तिसरीही पोरगीच झाली म्हणून नवरा, सर्जेराव, दारूच्या तारेत म्हणाला, हिला घेऊन उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही. द्वारकाबाई ओली बाळंतीण. भर उन्हात पोर घेऊन ती कालव्यावर गेली. कालव्याला पाणी सुटलेलं होतं. तिनं पोरीचं दुपटं सोडलं, बगलेत हात घालून तिला उचललं आणि तिचे पाय पाण्यात बुडवले. पाणी घोट्यापर्यंत आलं. इथं द्वारकाबाई थांबायची. किती थांबायचं ते तिला बराबर कळायचं. बायांचे पदर डोळ्यांना लागले की ती पुढं जायची: तेवढ्यात मागून गाण्याचा आवाज आला, येशूचं गाणं, गावातली बायबलबाई, घरोघर शास्त्र वाचून दाखवणारी साखराबाई, रानातून येत होती, आणि त्या आवाजानं माझा हात धरला. मग ती मागं वळायची आणि म्हणायची, "हीच ती पोरगी. अंजू, उभी राहा."

अंजू उभी राहायची. सहा वर्षांची असताना फ्रॉकमध्ये, चौदाची असताना पंजाबी ड्रेसमध्ये, विसाची झाल्यावर साडीत. मान खाली, हात पुढं बांधलेले. टाळ्या पडायच्या, हालेलुयाचा गजर व्हायचा. रामप्रसादभाऊ, जे उपदेशक म्हणून गावोगाव सभा घ्यायचे, ते वर जोडायचे की याच बाईला पुढं प्रभूनं मुलगाही दिला, कल्याण नावाचा. पुन्हा टाळ्या. एवढी माणसं, एवढे देवभक्त, पण उभ्या राहिलेल्या पोरीच्या तोंडाकडं एकानंही पाहिलं नाही. पुराव्याच्या तोंडाकडं कोण बघतो.

त्या अंजूला आता मुलगी झाली होती, आणि ही बातमी द्वारकाबाईला अंजूकडून कळली नव्हती.

पहिलं बाळंतपण माहेरी. देव बदलला तरी हा रिवाज कुणी बदललेला नाही. द्वारकाबाईनं डिंक, खारीक, आळीव आधीपासून आणून डबे भरून ठेवले होते. अंजू आलीच नाही. ती सासरी, अंकुशनगरलाच राहिली, साखर कारखान्याच्या वसाहतीत. तिचं बाळंतपण तिच्या सासूनं, दुर्गाबाईनं केलं. गावात विचारणाऱ्या बायांना द्वारकाबाई सांगायची, डॉक्टरनं प्रवासाला बिलकुल मनाई केलीय. बाया 'हो का' म्हणायच्या. घनसावंगी ते अंकुशनगर हा काय प्रवास आहे का, हे त्या तोंडावर म्हणायच्या नाहीत, एवढंच.

कल्याण जीप चालवायचा. अंबडपर्यंत शिटा भरून न्यायचा, आणायचा. तो एक दिवस परस्पर बहिणीकडं जाऊन बाळ बघून आला. त्यानं आईला मोबाइलमध्ये फोटो दाखवला. दुपट्यातून एक पाय बाहेर आलेला, तांबडालाल, बोटं फाकलेली. द्वारकाबाईनं फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. तिच्या मांडीवर काहीतरी वजन आल्यासारखं झालं. एवढी नातवंडं झाली थोरल्या दोन्ही लेकींना, पण असं कधी झालं नव्हतं.

कल्याण म्हणाला, पुढच्या रविवारी बाळाचं अर्पण आहे मंडळीत, नाव ठेवून प्रभूच्या हाती सोपवायचं, तुला बोलावलंय. मग तो जीपची चावी बोटावर फिरवत बसला. द्वारकाबाईनं ओळखलं की अजून काहीतरी आहे.

"ताईची एक अट हाय," तो म्हणाला. "कालव्याचं सांगायचं न्हाई. तिथं कुणालाच म्हाईत न्हाई. ना भाऊजीला, ना तिच्या सासूला. तू गप ऱ्हायलीस तर ती स्वतः लेकरू तुझ्या मांडीवर देणार. तिनंच सांगितलंय असं."

द्वारकाबाई भडकली. प्रभूनं केलेलं काम झाकून ठेवायचं? ज्यानं जीव वाचवला त्याचीच लाज वाटायला लागली का तिला?

"प्रभूची न्हाई वाटत, माय," कल्याण म्हणाला आणि उठून जीप पुसायला गेला.

आता हे ऐकून तिनं लगेच शहाणं व्हावं, असं होत नसतं. ती दोन दिवस तणतणली. भाकरी थापताना बोलली, गोठा झाडताना बोलली, देवाला गुडघ्यावर बसून सांगितलं की बघ, तुझं नाव घ्यायला अट घालून राह्यले लोक. पण तो तांबडालाल पाय काही डोळ्यांपुढून हलेना. आणि तो पाय बघता बघता तिला दुसरे पाय आठवायला लागले, आणि ते आठवणं तिला नको होतं.

कारण पाण्यात पाय बुडवलेच नव्हते.

हे फक्त दोघींना माहीत होतं. एक द्वारकाबाई, दुसरी साखराबाई, आणि साखराबाई तर मातीत गेली होती. खरं झालं होतं ते एवढंच: नवरा बोलला, ही पोर घेऊन निघाली, कालव्याच्या भरावावर जाऊन बसली आणि रडली. मनात काय होतं ते तिचं तिला तेव्हाही कळलं नव्हतं. पोर रडत होती, तीही रडत होती. साखराबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. गाणं-बिणं काही म्हणत नव्हती, भाऱ्याखाली गाणं कुणाला सुचतं. तिनं भारा टाकला आणि म्हणाली, "लेकरू भुकेलंय गं. पाज त्याला." द्वारकाबाईनं तिथंच, भरावावर, पदराआड घेऊन पोरीला पाजलं. साखराबाई पोर झोपेपर्यंत बाजूला बसून राहिली. मग दोघी गावात आल्या. देवानं जे केलं ते एवढ्यात केलं.

पहिली दोन-चार वर्षं साक्षही एवढीच होती. लोक 'आमेन' म्हणायचे आणि पुढच्या माणसाकडं बघायचे. मग एकदा आष्टीच्या सभेत तिची पाळी जेवणानंतर आली. मंडपात माणसं पेंगत होती. पुढच्या रांगेतली एक बाई तर उघड घोरत होती. द्वारकाबाई कालव्यापर्यंत आली, आणि तिच्या तोंडातून निघून गेलं की मी हिचे पाय पाण्यात बुडवले. ठरवून नाही बोलली. जीभच घसरली. पण मंडप जागा झाला. घोरणारी बाई ताठ बसली. त्या जाग्या झालेल्या मंडपाची चव द्वारकाबाईच्या जिभेला लागली आणि ती सुटली नाही. दारूची चव लागलेल्या नवऱ्याला तिनं जन्मभर शिव्या दिल्या, स्वतःच्या या चवीला तिनं सेवा म्हटलं. पाजल्याचं मात्र साक्षीतून गळून गेलं. लेकराला दूध पाजलं म्हणून कोण टाळ्या वाजवणार?

त्या सभेहून टेम्पोतून परत येताना अंजू तिच्या मांडीवर बसली होती. सहा वर्षांची. तिनं विचारलं, "माय, कुठवर बुडलते माझे पाय?" द्वारकाबाईला हसू आलं. ती म्हणाली, घोट्यापर्यंत. पोरीनं वाकून आपल्या घोट्याला हात लावून पाहिला. पुढच्या सभेत द्वारकाबाईनं 'घोट्यापर्यंत' हा शब्द घातला. चांगला बसला. तो मग कायमचाच झाला.

पोर त्यानंतर कालव्यात उतरली नाही. गावची सगळी पोरं म्हशींसारखी पाण्यात पडून राहायची, ही वर कपडे सांभाळत बसायची. शाळेतल्या पोरांनी तिचं नाव पाडलं, 'कालवी'. ए कालवी, पाणी आलं बघ. धुण्याच्या दगडावर बसून ती घोटे खरवडून खरवडून धुवायची. सर्जेरावानं एकदा पाहिलं आणि म्हणाला, पोरगी पायाची कातडी काढून राह्यली, बघ जरा. द्वारकाबाई म्हणाली, तुम्ही बोलूच नका, तुमच्यापायीच झालं सगळं. सर्जेरावानं दारू सोडली होती तोवर. पण साक्षीत तो दर रविवारी प्यायचा. शेवटी त्यानं मंडळीत येणंच सोडलं, आणि लोक म्हणायचे, बघा, बाई किती देवाची अन् नवरा कसा. तसाच तो मेला.

साखराबाई एकदाच बोलली होती. सभेहून येताना वाटेत थांबवून म्हणाली होती, द्वारके, साक्ष प्रभूची सांग, लेकराची कामून सांगतीस? अन् पाण्याचं ते कवा झालं गं? मी तर तिथंच होते.

द्वारकाबाईला खोटं पकडलं गेल्याचा राग आला, आणि खोटं पकडलं गेलं की माणूस फार वाईट बोलतं. ती म्हणाली, "तुला न्हाई लेकरू झालं, म्हणून माझ्या लेकराचं नाव निघालं की तुला जळतं."

साखराबाई लग्नानंतर वर्षातच विधवा झालेली. तिनं डोक्यावरचा भारा सारखा केला आणि चालू लागली. त्यानंतर ती द्वारकाबाईशी कमी-जास्त कधी बोलली नाही. 'जय ख्रिस्त' म्हणायची, पुढं जायची. मरेपर्यंत कालव्याचं तिनं कुणाला सांगितलं नाही. तिच्या एका शब्दानं द्वारकाबाईची सगळी साक्ष मातीत गेली असती. तो शब्द तिनं तोंडातच ठेवला आणि सोबत नेला.

हे सगळं द्वारकाबाईला त्या दोन दिवसांत आठवलं. तिसऱ्या दिवशी ती कल्याणला म्हणाली, तिला सांग, मी तोंड उघडणार न्हाई.

आणि ती मनापासून म्हणाली होती. हे लक्षात ठेवलं पाहिजे.

रविवारी कल्याणनं शिटा घेतल्या नाहीत, आईला पुढं बसवून जीप काढली. द्वारकाबाईच्या मांडीवर पिशवी होती. डिंकाचे लाडू, झबली, टोपरी, पायात घालायचे लोकरीचे मोजे. मोजे तिनं स्वतः विणले होते. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांमागं जीप रखडत होती. कल्याणनं विचारलं, माय, अशी गप कामून? ती म्हणाली, शिकून राह्यले. कल्याण हसला. म्हणाला, लवकर शिक, अंकुशनगर आलं.

वसाहतीच्या कडेला पत्र्याचं शेड म्हणजे तिथली मंडळी. चाळीसेक माणसं, बहुतेक कारखान्यात कामाला. अंजूचा नवरा आदिनाथ दारात उभा होता, त्यानं वाकून नमस्कार केला. दुर्गाबाईनं विहिणीला हाताला धरून आत नेलं, आपल्या शेजारी बसवलं. साधी बाई. म्हणाली, तुम्ही येता का न्हाई म्हणून अंजू सकाळपासून दाराकडं बघून राह्यली. अंजू पुढच्या चटईवर होती, कडेला बाळ. तिनं मागं वळून आईकडं पाहिलं. हसली नाही, पण नजर फिरवलीही नाही. द्वारकाबाईनं तोंडावर बोट ठेवलं, लहान लेकराला खूण करतात तशी, आणि अंजूच्या ओठांचा कोपरा हलला. किती वर्षांनी हलला.

आणि मग रामप्रसादभाऊ आत आले.

बाळाला अर्पण करायला त्यांनाच बोलावलं होतं. त्या बाजूचं पाळकाचं काम नुकतंच त्यांच्याकडं आलं होतं. द्वारकाबाईला वाटलं पदर ओढून घ्यावा. पण त्यांनी पाहिलं होतं. गाणी झाली. शास्त्रातून वाचन झालं. त्यांनी बाळाला हातांवर घेतलं, प्रार्थना केली, नाव जाहीर केलं, कृपा. आमेन झालं. बाळ परत अंजूकडं गेलं. इथं सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण रामप्रसादभाऊंना संपवता कधी आलंच नाही. ते म्हणाले, आज आपल्यामध्ये बाळाची आजी आहे, आणि ही कुणी साधीसुधी आजी नाही, प्रभूनं हिच्या आयुष्यात केलेलं काम मी स्वतः पन्नास सभांत ऐकलंय. द्वारकाबाई, या पुढं.

द्वारकाबाईनं मान हलवली, नको. चाळीस तोंडं मागं वळली. दुर्गाबाई कौतुकानं म्हणाली, जा ना विहीणबाई, दोन शब्द बोला. द्वारकाबाई उठली. अंजूकडं बघून तिनं डोळ्यांनीच सांगितलं, नाही बोलत. फक्त आभार मानते. हे तिनं माईकपर्यंत जाईपर्यंत खरंच ठरवलेलं होतं.

माईक हातात आला. तिनं आभार मानले. आदिनाथचे, दुर्गाबाईंचे, प्रभूचे. आणि ती थांबली. किती थांबायचं ते तिला कळत होतं, हीच तर गोम. शेड शांत झालं. पुढं बाळ अंजूच्या मांडीवर पाय झाडत होतं. ते पाय बघून द्वारकाबाईला वाटलं, आपण दिलेलं वचन साक्ष न सांगण्याचं आहे. पण खोटं मागं घेणं ही काही साक्ष नव्हे. हा तर पश्चात्ताप. पश्चात्ताप करायला कोण अडवतं? इतकी वर्षं चारचौघांत खोटं बोलले, आज चारचौघांतच खरं सांगते, म्हणजे पोरीच्या पायांवरचं ओझं उतरेल. तिला हे इतकं बराबर वाटलं की ती रडायलाच लागली.

"मी माझ्या लेकीच्या नावानं खोटं बोलले," ती म्हणाली.

आणि मग सगळंच सांगितलं. कालवा सांगितला. सर्जेराव सांगितला. तिसरी पोरगी झाल्याचं सांगितलं. पन्नास सभांत आपण काय सांगत होतो ते सांगितलं, दुपटं सोडल्याचं, घोट्यापर्यंत पाण्याचं. ते सांगितल्याशिवाय ते खोटं होतं हे कसं सांगणार? मग म्हणाली, यातलं काही झालं नव्हतं, मी भरावावर बसल्ते, रडत होते, साखराबाई आली, पाज म्हणाली, अन् मी माझ्या लेकराला पाजलं. पाणी लागलंच नव्हतं तिला. टिपूसभर लागलं नव्हतं.

शेडमध्ये बाया रडत होत्या. रामप्रसादभाऊंनी डोळे पुसले आणि दोन्ही हात वर केले. हालेलुया. ते म्हणाले, असा पश्चात्ताप आजवर पाहिला नाही, ही साक्ष तर त्या साक्षीहून मोठी आहे. टाळ्या सुरू झाल्या. आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, ते म्हणाले, "अंजूताई, उभी राहा बेटा. बाळाला घेऊन उभी राहा."

अंजू उभी राहिली. मान खाली. या वेळी हात पुढं बांधायला मोकळे नव्हते, त्यांत बाळ होतं. आदिनाथ तोंड उघडं टाकून कधी बायकोकडं, कधी सासूकडं बघत होता. दुर्गाबाई उठून पुढं गेली, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, माझे माय, कसं सोसलंस गं. ती चांगल्या मनाची बाई, चांगल्या मनानंच म्हणाली. अंजूनं डोळे मिटून घेतले. या घरात तिला कुणी 'बिचारी' म्हणून पाहिलेलं नव्हतं. तेवढी एकच जागा तिनं राखली होती.

द्वारकाबाईच्या हातात माईक तसाच होता. आपण काय केलं हे तिला टाळ्यांतून कळलं. आष्टीच्या मंडपात पडलेल्या टाळ्या अशाच होत्या.

जेवणं शेडच्या मागं होती. भात, मटणाचा रस्सा, बुंदी. बाया येऊन द्वारकाबाईच्या पाया पडत होत्या. एकीनं तर आपल्या गावच्या सभेला येता का म्हणून विचारलं. द्वारकाबाईनं ताट घेतलंच नाही. ती नळापाशी गेली, कारण अंजू तिथं बाळाचं दुपटं धूत होती. बाळ दुर्गाबाईकडं होतं. नळाचं पाणी अंजूच्या पायांवर पडत होतं, ती पाय सरकवत नव्हती.

द्वारकाबाई म्हणाली, अंजू, मी ती साक्ष न्हाई सांगितली गं, मी तर खरं तेच सांगितलं, तुझ्यासाठीच.

अंजूनं दुपटं पिळलं. बराच वेळ पिळलं. मग आईकडं न बघता बोलली.

"तू मला पाजलं होतंस, हे मला आज कळलं, माय. चाळीस माणसांसंगं कळलं." तिनं दुपट्याचं दुसरं टोक पिळलं. "चूल होती घरात. अंगण होतं. तू माझी वेणी घालायचीस रोज. एकटीला सांगायला काय झालं होतं तुला?"

द्वारकाबाईला उत्तर होतं. तिच्याकडं कायमच उत्तर असायचं. जिभेवर येऊन उभंही राहिलं होतं: लोकांपुढचं पाप लोकांपुढंच फेडावं लागतं. चांगलं वाक्य होतं. माईकवर तर फारच चांगलं वाटलं असतं. ते तिनं गिळलं. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच.

अंजू दुपटं झटकून दोरीवर टाकत होती, तेवढ्यात रामप्रसादभाऊ मोबाइल घेऊन आले. म्हणाले, फोटो काढू, आजी अन् नात, सभेच्या पत्रकावर छापायला कामाला येईल. खुर्ची आली. लोकांनी द्वारकाबाईला धरून बसवलं. दुर्गाबाई बाळ घेऊन आली आणि हसत अंजूकडं दिलं, म्हणाली, तूच दे गं आईच्या मांडीवर, तुझ्या हातानं. हात धुवायच्या रांगेतली माणसंही थांबून बघायला लागली.

अंजू बाळ घेऊन चालत आली. ती नाही म्हणाली नाही. एवढ्या लोकांत आजीला नात द्यायला कोण नाही म्हणेल? तिनं मान खाली घातली होती, ओठ आत घेतले होते, आणि पाऊल असं टाकत होती की द्वारकाबाईला मंडपातला फ्रॉक दिसला. उभी राहा म्हटलं की उभी राहायची, तीच ही. आता दे म्हटलं, देत होती. बाळ अगदी जवळ आलं. दुधाचा वास आला. तोंड दिसलं, फोटोत न दिसलेलं, कपाळ सर्जेरावासारखं रुंद. मोजे पिशवीतच होते, पाय उघडे होते. द्वारकाबाईचे हात आपोआप मांडीवरून उचलले गेले. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसली असती तर बाळ मांडीवर आलं असतं.

तिनं हात मागं घेतले. पदराखाली घातले.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझे हात खरकटे हायेत."

तिनं घासही खाल्लेला नव्हता. रामप्रसादभाऊ म्हणाले, धुऊन घ्या ना, नळ हा काय. कुणी तांब्या आणला. द्वारकाबाई नुसती मान हलवत राहिली. लोकांना वाटलं बाईला भरून आलंय. अंजू मात्र थबकली होती. तिला आईचं ताट दिसलं नव्हतं, कारण नव्हतंच. ती आईच्या पदराखालच्या हातांकडं बघत राहिली. मग बाळानं कुरकुर केली. अंजूनं बाळ छातीशी घेतलं, पाठ वळवली आणि घरात निघून गेली, पाजायला.

फोटो निघाला नाही.

कल्याणनं जीप परत काढली. अंबडच्या फाट्यावर त्यानं शिटा घेतल्या. मागं बायांची दाटी झाली. त्यातल्या एका म्हातारीनं द्वारकाबाईला ओळखलं आणि शेजारणीला कोपर मारून म्हणाली, अगं, ही ती कालव्याची साक्षवाली. मग पुढं वाकून म्हणाली, "मावशी, सांगा ना ती साक्ष. रस्ताबी सरंल."

द्वारकाबाई समोर बघत होती. डाव्या अंगाला कालवा लागला होता, त्याला पाणी सुटलेलं होतं, आणि भरावावर कुणीतरी गवताचा भारा टाकून टेकलं होतं. म्हातारीनं पुन्हा हाक मारली. जीपमधली सगळी तोंडं पुढं आली, वाट बघत. कल्याणनं एकदा आईकडं पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

ती बोलली नाही. म्हातारी थोडा वेळ थांबली, मग शेजारणीला हळूच म्हणाली, गर्व झालेला दिसतो बाईला. द्वारकाबाईला ऐकू गेलं. तिनं पिशवीत हात घातला, लोकरीचा एक मोजा काढला आणि त्यात आपली दोन बोटं घालून, घोट्यापर्यंत, तशीच बसून राहिली.